‘द लिट्ल प्रिन्स’मधला शोक: सांत्वन की मरणाची टाळाटाळ?

धागाकर्ता
आंत्वान द सेंत-एक्झुपेरी यांची १९४३ सालची ही छोटी कादंबरी शोकाविषयीची थोर कृती मानली जाते. मला मात्र ती ऐन वेळी मरणावरून नजर वळवते असे वाटते. वाळवंटात विमान बिघडून अडकलेल्या वैमानिकाला दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक छोटा राजपुत्र भेटतो. शेवटी त्याला साप चावतो, राजपुत्र वाळूवर अलगद पडतो आणि उजाडल्यावर त्याचा देह सापडत नाही, एवढ्यावरून निवेदक वैमानिक तो आपल्या ग्रहावर परतल्याचे मानून मोकळा होतो. ज्याने घरातले मरण पाहिले आहे, त्याची समजूत अशाने पटावी कशी?

प्रतिसाद १
असहमत. ज्यांच्या वाट्याला अंत्यदर्शनही आले नाही, त्यांचे दुःख नेमके याच जागी अडकून राहते. शिवाय आपले थोडे सांत्वन झाले असे म्हणून निवेदक लगेच, पूर्ण झालेले नाही, अशी पुस्ती जोडतो. सहा वर्षांनी तो रंगांची पेटी विकत घेतो ती मित्राचा विसर पडू नये म्हणून. तरी चित्रात राजपुत्र कुठे फार उंच होतो, कुठे फार ठेंगणा, आणि त्याच्या कपड्यांचा रंगही आता खात्रीने आठवत नाही. त्याने राजपुत्राला एक मेंढरू चितारून दिले होते आणि ग्रहावरचे लाडके फूल त्याने खाऊ नये म्हणून मुसकेही; पण ते मुसके चितारताना चामड्याचा पट्टा काढायचा राहिला, हे त्याला फार उशिरा उमगते. त्यामुळे मेंढराने ते फूल खाल्ले की काय, या एका शंकेपायी तेच तारे कधी हसतात, कधी आसवांनी भरतात. आठवण जपताना होणाऱ्या चुकांचा इतका प्रामाणिक हिशेब मी तरी क्वचितच वाचला आहे.

प्रतिसाद २
लेखकाचा धाकटा भाऊ फ्रान्स्वा १९१७ साली, पंधराव्या वर्षी वारला. आपल्याला दुखत नाही, हे केवळ शरीराचे आहे, असे तो मरताना म्हणाल्याचे लेखकाने आपल्या युद्धकालीन आठवणींत नोंदवले आहे. राजपुत्रही म्हणतो की हा देह सोबत नेता येणार नाही, तो फार जड आहे.

धागाकर्ता
भावाची माहिती हृद्य आहे, पण तिने लेखकाचे दुःख खरे ठरते, कादंबरीचा शेवट नव्हे. लेखक स्वतः ३१ जुलै १९४४ रोजी टेहळणीच्या उड्डाणात बेपत्ता झाला आणि मार्सेयजवळच्या समुद्रातल्या अवशेषांची ओळख २००४ साली पटली. त्या गूढाची छाया आपण वाचक पुस्तकावर पाडतो, अशी माझी शंका आहे. मुसक्याचा मुद्दा मात्र मान्य. तो माझ्याकडून निसटला होता. तरीही राजपुत्र परत आल्यास मला लगेच कळवा, अशी वाटसरूंना केलेली अखेरची विनवणी ही वाट पाहणेच आहे, आणि वाट पाहणाऱ्याने मरण स्वीकारले असे कसे म्हणावे?

प्रतिसाद १
स्वीकारले असे मी म्हणतच नाही. त्या विनवणीआधी निवेदक आधीच्या पानावरचा देखावा पुन्हा काढतो: दोन रेघांच्या टेकड्या आणि वर एक तारा. आधीच्या चित्रात तिथे राजपुत्र होता.