टॉम अँड जेरी अजून बघता का? तुमचे अनुभव लिहा

परवा पोरगा टॉम अँड जेरी बघत होता, मी कामाला निघता निघता दोन मिनिटं टेकले ती भाग संपल्यावरच उठले. १९४० सालचं कार्टून हे, विल्यम हाना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या अमेरिकन स्टुडिओसाठी केलेलं, पहिल्या भागात तर टॉमचं नाव जास्पर होतं! आणि आजही पोरं तशीच खदाखदा हसतात. तुमच्याकडे काय, लिहा सगळ्यांनी, सविस्तर लिहिलंत तर फारच छान.

*

माझे बाबा ७८ वर्षांचे, चार वर्षांपासून त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. बातम्या सुटल्या, मालिका सुटल्या, संध्याकाळी नुसते खिडकीशी बसून राहायचे. एक दिवस नात टॉम अँड जेरी बघत होती तर हे हळूच तिच्या शेजारी जाऊन बसले, आणि त्यात बोलणं जवळपास नाहीच ना, त्यामुळे काहीच चुकत नाही त्यांचं. आता रोज बसतात. टॉम दाराआड दबा धरून बसला की बाबा आधीच तिचा हात घट्ट धरतात, आणि मग तवा तोंडावर बसला की दोघं एकदमच हसतात. बाबांचं इतकं मोठ्यानं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

*

आम्ही भाऊ-भाऊ सुरुवात बघूनच सांगायचो भाग कुठल्या दिग्दर्शकाचा ते. सुरुवातीच्या एमजीएमच्या सिंहाच्या जागी टॉम येऊन ओरडला आणि भुवया जाड असल्या की चक जोन्स. आवाज घुमल्यासारखा आला की प्रागमध्ये केलेले जीन डाइचचे १३ भाग. पण जीव हाना-बार्बेराच्या ११४ भागांवरच, टॉमची ती किंकाळी स्वतः हानांचीच आहे.

*

मी टॉमच्या बाजूनं. कायम.

*

मी पियानो शिकवते आणि माझी सुरुवातच टॉममुळे झाली. १९४७ चा तो भाग, टॉम कोट घालून स्टेजवर संगीतकार लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही रचना वाजवतोय आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला, सूर वाजला की खालून उडतोय. ऑस्कर मिळालं त्याला, टॉम अँड जेरीचे सगळे मिळून ७ आहेत. पुढे कळलं की या भागांचं संगीत स्कॉट ब्रॅडलींचं. डोळे मिटून ऐका एकदा, कोण दबकत चाललंय, कोण पळतंय, कोण आपटलं, सगळं नुसत्या वाद्यांवरून कळतं. माझ्या मते एवढी वर्षं टिकण्याचं खरं कारण हेच.

*

मला हे कार्टून फार आवडतं म्हणूनच लिहितेय, जुन्या भागांतली ती घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई खटकते. बहुतेक वेळा नुसते पायच दिसतात तिचे. नंतर टीव्हीसाठी तिचे प्रसंग बदललेही होते. माझ्या ९ वर्षांच्या लेकीनं विचारलं, आई, यांचा चेहरा का नाही दाखवत? मी थांबवलं, त्या काळी अमेरिकेत या लोकांना कसं वागवायचे आणि चित्रांतून कशी थट्टा व्हायची ते तिला झेपेल तेवढं सांगितलं, मग उरलेला भाग बघितला. रात्री बघते तर तिनं वहीत त्या बाईंचं चित्र काढलेलं, पूर्ण, चेहऱ्यासकट, कानात मोठे डूल आणि मांडीवर टॉम झोपलेला. कपाटावर चिकटवलंय ते.