घरातली झाडे पावसाआधी अंगणात काढावीत का? मदत हवी आहे

नमस्कार. आमचे घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर आहे. एक मॉन्स्टेरा, दोन फिलोडेंड्रॉन आणि एक कॅलाथिया अशी चार झाडे वर्षभर उत्तरेकडच्या खिडकीत आहेत. तिथला उजेड अपुरा पडत असल्यामुळे मॉन्स्टेराची नवी पाने चिरा न पडताच उलगडत आहेत, म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत सगळी झाडे बाहेर ठेवावीत असे मनात आहे.

एप्रिलमध्ये कॅलाथिया पडवीच्या कडेला ठेवून पाहिले. तिथे सकाळी नऊपर्यंतच ऊन येते, तरीही चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होऊन सुरळीसारख्या वळल्या. हे झाड मुळात जंगलातल्या मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे असल्याने दोष उन्हाचाच असावा असे आधी वाटले. परंतु कुंडीच्या काठावर पांढरा थरही दिसतो आहे, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी किंचित मचूळ होते, म्हणून पाण्यातल्या क्षारांचाही संशय येतो. ते झाड आता आत घेतले आहे. कुंड्यांत निम्मे कोकोपीट, बाकी शेणखत व जांभी माती आहे. निचरा चांगला होतो आणि दोन महिन्यांत खत दिलेले नाही.

आंब्याखाली दाट सावली आहे, पण दुपारी खारा वारा थेट लागतो. वाऱ्याच्या आडोशाला फक्त विहिरीजवळची उघडी जागा आहे. तिथे ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधता येईल. या दोहोंपैकी कोणती जागा निवडावी, आणि झाडांना बाहेरची सवय आत्तापासून लावावी की जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर?