जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : कोणतं टाकावं, कसं शिकावं? नाशिककरांनो, सल्ला द्या

वालदेवी

नमस्कार मंडळी. घरी २०१५ सालचा लॅपटॉप आहे. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. दुकानात विचारलं तर "नवा घ्या" एवढंच उत्तर. मशीन धडधाकट आहे, एक कळसुद्धा खराब नाही. भंगारात का घालायचं?

वापर असा: आमच्या वाचनालयाची स्मरणिका मी लावते, त्यामुळे मराठी टायपिंग रोजचं. इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कळमांडणीचा, हात बसलाय. जुने अंक श्रीलिपी ह्या जुन्या फॉन्ट-संचात आहेत. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. मुलगा नववीत आहे, त्याला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीय.

विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं म्हटलं तर उबंटू, मिंट, डेबियन अशी नावं ऐकते आणि गोंधळ उडतो. कुणी नुसतं टाकून द्यावं असं नाही म्हणत, मला ते समजून घ्यायचंय. मी नाशिकरोडला राहते.

सातपूरकर

ताई, आधी हार्डडिस्क बदला, मग बाकीचं बोलू. साधी डिस्क काढून २४० जीबीची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली, वेगवान डिस्क) टाका. मशीन संथ वाटतं त्याचं मोठं कारण ती फिरणारी डिस्कच असते. एम. जी. रोडला सहज मिळेल. जुनी डिस्क फेकू नका, बाहेरून लावायचं कव्हर मिळतं, त्यात घालून बॅकअपला वापरा.

रॅम ८ जीबी करता आली तर उत्तम. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला बहुतेक डीडीआर-थ्री-एल लागते, १.३५ व्होल्टची. दुकानात "एल" असं ठासून सांगा. रिकामा स्लॉट आहे की नाही ते मागचं झाकण उघडून आधी बघा.

रामशेज

सातपूरकरांना अनुमोदन. आता नावांचा गोंधळ. हे सगळं लिनक्सच. लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा, लिनस टॉरव्हल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला. त्यावर बाकीचे प्रोग्रॅम बसवून जो तयार संच देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ चं. त्याच्यावरून २००४ मध्ये उबंटू निघालं आणि उबंटूवरून २००६ मध्ये मिंट. हे नातं लक्षात ठेवा, कारण पुढे अडचण शोधताना उपयोगी पडतं: मिंट २२ हे उबंटू २४.०४ वर उभं आहे, त्यामुळे उबंटू २४.०४ साठी लिहिलेला उपाय बहुतेक वेळा तुम्हालाही लागू पडतो.

माझा सल्ला मिंट २२, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ४ जीबीत सुखाने चालतं, २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, आणि खाली पट्टी, डावीकडे मेनू अशी ओळखीची मांडणी आहे.

पण लगेच टाकू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. म्हणजे डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम पेनड्राइव्हवरून उघडते. त्यात बसून एकेक गोष्ट तपासा: वायफाय दिसतं का, आवाज येतो का, ब्राइटनेसच्या कळा चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतं का, प्रिंटर ओळखला जातो का. ह्यातलं जे चालत नाही त्याचं उत्तर आधी शोधायचं, मग इन्स्टॉल. नव्या माणसाचा लिनक्सवरचा विश्वास उडतो तो बहुधा ही पायरी गाळल्यामुळे.

चामरलेणी

मी थेट डेबियन सुचवेन. १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. पूर्वी वायफायसाठी लागणारं फर्मवेअर (उपकरणाचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम) वेगळं शोधावं लागायचं, १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच असतं. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं हलत नाही. शिकायचंच आहे म्हणता तर मुळापासून शिका.

रामशेज

डेबियनबद्दल दुमत नाही, माझ्या घरच्या सर्व्हरवर तेच आहे. पण नव्या माणसाला सगळ्यात चांगलं डिस्ट्रो कोणतं, तर त्याच्या ओळखीतला कुणीतरी जे रोज वापरतो ते. आपल्याकडे ह्या धाग्यावरचे निम्मे लोक मिंटवर आहेत. ताईंनी स्क्रीनचा फोटो टाकला की तोच मेनू आमच्यासमोरही असेल. पहिल्या महिन्यात ही सोय फार मोलाची असते. पुढे डेबियनवर जावंसं वाटलं तर शिकलेलं काहीच वाया जात नाही.

पंचवटीकर

डीटीपीचं काम करतो म्हणून मराठीपुरतं मी सांगतो, कारण तुमचं खरं काम इथेच आहे.

इनस्क्रिप्ट सोपं आहे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे भारतीय भाषांच्या यादीत मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा आणि बदलायची कळ ठरवून द्या. वेगळं काही बसवायला नको. कळा त्याच: शिफ्ट-एनवर ळ, शिफ्ट-जेवर ऱ. 'दऱ्या', 'तऱ्हा' लिहिताना ऱ, मग डी कळेवरचं हलन्त, मग पुढचं अक्षर. फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी टायपिंग, हवं असणाऱ्यांनी आयबस आणि एम-१७-एन हे टायपिंगचे प्रोग्रॅम बसवावेत.

लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत ऑफिस संच) एक गोष्ट आवर्जून करा. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथली भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श ची आपली मराठी वळणं त्यामुळेच उमटतात. भाषा हिंदी राहिली तर त्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल छापून येतो आणि स्मरणिका हातात घेतल्यावर वाचकाला काहीतरी परकं वाटत राहतं.

आता श्रीलिपी. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-नोंदीत, नाहीत. फायलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे आकडे साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार काढतो. फॉन्ट नसला की नुसती खिचडी दिसते. म्हणून विंडोज उडवायच्या आधी सगळे जुने अंक उघडून दोन प्रती ठेवा: एक पीडीएफ, पान जसंच्या तसं जपायला, आणि दुसरी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेला मजकूर. कन्व्हर्टर त्या-त्या फॉन्टचाच लागतो.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन करताना पहिली वेलांटी आणि रफार ह्यांच्यावर डोळा ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. 'कार्तिक', 'वार्षिक', 'आर्थिक' अशा शब्दांत दोन्ही एकत्र येतात आणि कन्व्हर्टर तिथेच अडखळतो. असे शब्द शोधून शोधून तपासा.

अंबडवाला

मधेच घुसतो, माफ करा. अर्जंट आहे. मिंट चालू होत नाही, काळी स्क्रीन येते. काय करू?

रामशेज

दादा, काळ्या स्क्रीनवर काही अक्षरं आहेत का? असतील तर फोटो टाका. त्याआधी शेवटचं काय झालं तेही सांगा: अपडेट चालू होतं, वीज गेली, काही नवीन बसवलं? ह्या दोन गोष्टी कळल्या की उत्तर लवकर मिळतं.

अंबडवाला

काल पावसात वीज गेली, यूपीएस नाही, डेस्कटॉप आहे. स्क्रीनवर बिझीबॉक्स असं काहीतरी आणि शेवटी कंसात इनिटरॅमएफएस. त्याच्या वर "मॅन्युअली एफएससीके चालवा" अशा अर्थाची ओळ आहे, त्यात एसडीए-२ लिहिलंय.

सातपूरकर

मग उत्तर स्क्रीननेच दिलंय. एसडीए-२ ह्या विभागात वीज गेल्यामुळे नोंदी अर्धवट राहिल्यात, त्या दुरुस्त करायला ती सांगतेय. तिथेच इंग्रजीत टाईप करा: एफएससीके, मोकळी जागा, तिरपी रेघ, डेव्ह, तिरपी रेघ, एसडीए२, मोकळी जागा, उणे वाय. उणे वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'हो'. काम संपलं की एक्झिट. विभागाचं नाव तुमच्या स्क्रीनवर असेल तेच, दुसऱ्याचं उचलू नका.

सुरू झालं की डिस्क्स नावाचा प्रोग्रॅम उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा. वीज न जाताही ही स्क्रीन पुन्हा आली तर डिस्क जायच्या वाटेवर आहे असं समजून आधी बॅकअप घ्या.

अंबडवाला

चालू झालं! आभार. बॅकअप लावूनच ठेवलाय.

वालदेवी

मंडळी, एसएसडी बसवली, लाइव्ह चालवून बघितलं, सगळं ठीक होतं, फक्त वायफाय दिसत नव्हतं. तरी इन्स्टॉल केलं, विंडोजही एका भागात ठेवलं. मोबाईल यूएसबीने जोडून इंटरनेट घेतलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफाय चिपच्या ब्रॉडकॉम कंपनीचा ड्रायव्हर टाकला. त्याने पासवर्ड विचारला, रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येऊन गेली. वायफाय अजूनही नाही. शिवाय विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे.

रामशेज

मोबाईल जोडून नेट घेतलंत हे फार छान केलंत.

ती निळी स्क्रीनच किल्ली आहे. तुमच्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे. ते सहीशिवायचा ड्रायव्हर गाभ्यात येऊ देत नाही, आणि हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर तयार होतो. म्हणून मिंट त्याच्यासाठी एक सही बनवतं आणि "ही सही मान्य करू का" असं त्या निळ्या स्क्रीनवर विचारतं. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. काही सेकंदांत कळ दाबली नाही तर मशीन पुढे निघून जातं आणि ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही. आता सोपा मार्ग म्हणजे बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करणं. त्याआधी विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय बायोसला हात लावायचा नाही.

घड्याळाचं कारण: मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून तेवढाच फरक. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) इंग्रजीत एक ओळ: टाईमडेटसीटीएल, मोकळी जागा, सेट-लोकल-आरटीसी, मोकळी जागा, १. झालं.

आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि मग त्याचा विभाग लिनक्समधून नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही.

वालदेवी

वायफाय आलं, घड्याळही जुळलं! आता प्रिंटर. नाव दिसतं, प्रिंट पाठवली की रांगेत जाते, कागद हलत नाही. आणि मुलाचा प्रश्न: पायथनचं काही बसवायला गेलं की "एक्सटर्नली मॅनेज्ड" अशी एरर येते.

पंचवटीकर

१०२० ला स्वतःचं फर्मवेअर आत साठवता येत नाही, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून घ्यावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. मिंटमध्ये एचपीलिप हा एचपी प्रिंटरचा प्रोग्रॅम बसवा आणि त्याच्या टूलबॉक्समधून प्लगइन उतरवून घ्या, त्या वेळी इंटरनेट चालू हवं. मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा आणि आधी एकच चाचणी पान पाठवा. रांगेतले जुने जॉब काढून टाका, नाहीतर सगळे एकदम निघतील.

चामरलेणी

मुलाला सांगा, ती एरर त्याच्या भल्यासाठी आहे. मिंटची स्वतःची कितीतरी कामं पायथनवर चालतात. पिपने (पायथनचे जादा भाग बसवणारा प्रोग्रॅम) त्यात ढवळाढवळ केली तर सिस्टिमच बिघडू शकते, म्हणून ते दार बंद ठेवलंय. प्रत्येक प्रकल्पासाठी व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची वेगळी खोली, बनवायचं, त्याच्या आत हवं ते टाकायचं. व्हेन्व्हचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. अगदी सुरुवातीला थॉनी नावाचा संपादक उत्तम, ओळीगणिक प्रोग्रॅम कसा चालतो ते दाखवतो.

तुम्हा दोघांनाही: आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन ह्यांवर छोटे छोटे पाठ आहेत, त्यातले बरेच मराठी आवाजात. मेनू थोडे जुन्या आवृत्तीचे दिसतील, पण टर्मिनलचे पाठ आजही जसेच्या तसे लागू आहेत. व्हिडिओ थांबवून प्रत्येक कमांड स्वतः टाईप करा.

वालदेवी

चाचणी पान आलं, मुखपृष्ठही छापलं. मुलगा थॉनीवर बसलाय. एकच राहिलं: हे सगळं पुन्हा बिघडलं तर परत इथवर कसं यायचं?

सातपूरकर

टाइमशिफ्ट. मिंटमध्ये आधीपासून असतं. आजच, सगळं चालतंय तोवर, पहिला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या सिस्टिमची प्रत, घ्या आणि आठवड्याचा क्रम लावून द्या. अपडेटने काही मोडलं तर त्याच्यावरून मागे जाता येतं. मशीन सुरूच झालं नाही तर तोच लाइव्ह पेनड्राइव्ह लावून त्यातूनही टाइमशिफ्ट चालवता येतं, म्हणून तो पेनड्राइव्ह पुसू नका.

मात्र टाइमशिफ्ट सिस्टिमपुरतं आहे. होम फोल्डर, म्हणजे तुमची स्मरणिका आणि युनिकोडमध्ये आणलेले जुने अंक, त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी कव्हरमध्ये घातलेली जुनी डिस्क. मिंटमध्ये बॅकअप टूल म्हणून वेगळा प्रोग्रॅम आहे, तो त्या डिस्कवर लावा, आणि अंक छापायला गेला की दर वेळी एक प्रत तिकडे टाका.