सात माणसं, एक ओढा, एक खडा चढ: पाच दारांची गुरखा घ्यावी का?

बामणोलीचा_पोरगा (सातारा)

राम राम मंडळी. राहतो साताऱ्यात, पण मूळ घर कासच्या पलीकडं, बामणोलीच्या रस्त्यावरून आत. डांबर संपलं की अडीच किलोमीटर जांभ्याची वाट, मधे एक ओढा आणि देवळाच्या अलीकडं खडा चढ. उन्हाळ्यात तिथं अल्टोसुद्धा जाते. आषाढात मात्र जांभ्यावर शेवाळ धरतं, बैलसुद्धा पाय जपून टाकतो.

गेल्या श्रावणात पूजेला निघालो होतो. आत्ताची गाडी सात सीटर, मागच्या चाकांवर चालणारी. चढाच्या निम्म्यात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. वजन कमी करावं म्हणून सगळ्यांना उतरवलं, तर मागचा भार गेल्यावर चाकं आणखीच मोकळी फिरली. आई चौऱ्याहत्तरची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. नैवेद्याचा डबा पदराखाली धरून ती पावसात उभी. शेवटी ट्रॅक्टर बोलावला. त्याला दीड हजार मोजले, गावभरचे सल्ले फुकट मिळाले.

आता या मे महिन्यात (२०२४) फोर्स मोटर्सनं गुरखाची पाच दारांची गाडी बाजारात आणली. बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम १८ लाख. कागदावर बघाल तर २.६ लिटरचं डिझेल, १४० पीएस, ३२० एनएम, पाच गिअरचा मॅन्युअल, पुढं-मागं दोन्हीकडं डिफ लॉक, २३३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स, कंपनीचाच स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), ७०० मिमी पाण्यातून जायची क्षमता. आणि जागा सात. वाचूनच चढ चढल्यासारखं वाटलं.

रोजचा वापर साताऱ्यातल्या साताऱ्यात, महिन्यातून दोनदा गाव, कधीमधी पुणे. बजेट ऑन-रोड पंचविसाच्या आत. हीच घ्यावी की स्कॉर्पिओ-एनचं फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारं) बघावं? फॉर्च्युनर सुचवू नका, ती आमदारांना शोभते.

एमएच५०_कराड

सफारी घ्या की राव! मोठी, दणकट, सात सीटर. विषय संपला.

तासगावकर

कराडकर, कुठली सफारी म्हणताय? १९९८ ला आलेली आणि नंतरची स्टॉर्म, यांत फोर बाय फोर मिळायचं. २०२१ ला आलेल्या सफारीला फक्त पुढच्या चाकांचा जोर आहे. ओल्या चढावर गाडीचं वजन मागं सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. ह्यांच्या देवळापाशी ती आत्ताच्या गाडीच्याही आधी थांबेल.

एमएच५०_कराड

बरं बाबा. मला वाटलं नाव तेच म्हणजे गाडीपण तीच.

चिखलात_रुतलेला (पाटण)

दादा, तुमचा प्रश्न बारा वर्षांपूर्वी माझा होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या चढाला ताकद कमी पडली नव्हती, पकड कमी पडली होती. १४० पीएस आणि १७५ पीएस यांत तिथं काही फरक पडत नाही. तिथं लागतो तो लो रेंज, म्हणजे फोर एल: चारही चाकांना जोर, वेग कमी आणि ओढ जास्त. गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीनं, अ‍ॅक्सिलरेटरला जवळजवळ हात न लावता, म्हणजे पाय न लावता, चढली पाहिजे. चाक फिरायला लागलं की ते शेवाळ खरवडून खालचा चिकट थर वर काढतं आणि मग तुम्ही स्वतःच्या हातानं साबण तयार करता. गुरखा आणि स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, दोन्हीत लो रेंज आहे. इथवर दोघी बरोबरीला.

डिफ लॉकचं असं, की साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक अधांतरी झालं किंवा घसरलं की सगळा जोर त्याच चाकाला जातो आणि दुसरं चांगल्या जमिनीवर असूनही नुसतं बसून राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. गुरखात हे दोन्ही एक्सलला, ड्रायव्हरच्या हातात. स्कॉर्पिओ-एनमध्ये मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉक आहे, तो चाक फिरलं की आपोआप लागतो. बाकीचं काम ब्रेक लावून इलेक्ट्रॉनिक्स करतं. तुमच्या वाटेला स्कॉर्पिओचं पुरेसं आहे असं माझं मत. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग वळायला नको म्हणतं, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

दुसरं, दोन्ही गाड्यांचं फोर बाय फोर पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतं लावायचं. कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा) मध्ये चालवायची नाही. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, मधे सैल सोडणारं काही नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर येतो. आमच्याकडं एकानं हौसेनं सातारा ते उंब्रज हायवेवर फोर एच लावून आणली होती. खर्च सांगत नाही, त्याची बायको हे वाचते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: टायर. कंपनीचे टायर हायवेच्या आवाजाचा विचार करून दिलेले असतात. जांभ्यावर त्यांच्या खाचा दोन फेऱ्यांत बुजतात आणि चाक पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्यासारखं गुळगुळीत होतं. कुठलीही घ्या, पहिल्या पावसाआधी ऑल-टेरेन (कच्च्या वाटेलाही चालणारे, खोल खाचांचे) टायर टाका. वर जाताना हवा पस्तीसवरून पंचवीसपर्यंत उतरवा, परत डांबराला लागलात की भरा. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप डिकीत ठेवा. माझ्या जुन्या गाडीत फोर बाय फोर नव्हतं तेव्हा नुसत्या टायर-हवेवर मी चार पावसाळे काढलेत.

मिरजेची_सून

अहो, टायर-डिफ लॉक ठीक आहे. आई चढणार कशा? गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला गुरखाच्या मधल्या सीटवर बसवून बघितलंय का? माझे सासरे उंच गाडीत चढतात खरे, पण उतरताना एक पाय हवेत राहतो आणि त्यांचा चेहरा बघवत नाही. शिवाय पाच दारांच्या गुरखात तिसऱ्या रांगेत जायचं ते मागच्या दारातून. म्हणजे पावसात सामान काढा, पोरं आत घाला, सामान परत लावा. दोन स्वतंत्र खुर्च्या आहेत, बसायला मस्त, पण जायची वाट तेवढी बघून घ्या.

आणि पुण्याला जाताना खंबाटकी रात्रीचा उतरणार असाल तर सुरक्षितताही बघा. गुरखात एअरबॅग दोन. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणारी संस्था) पाच तारे आहेत, २०२२ चे.

तासगावकर

वहिनींचा मुद्दा बरोबर. स्कॉर्पिओ-एनचे आकडे टाकतो: २.२ डिझेल, १७५ पीएस, मॅन्युअलला ३७० आणि ऑटोमॅटिकला ४०० एनएम. लांबी ४६६२, ग्राउंड क्लिअरन्स १८७. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्येच. क्लिअरन्स गुरखापेक्षा चांगले चार-पाच सेंटिमीटर कमी, पण तुमच्या वाटेत मधोमध दगड डोकं वर काढून बसलेला नसेल तर चालून जाईल. गुरखा रस्त्यावर डुलते. स्कॉर्पिओ हायवेला बरीच शहाणी वागते.

आणि ७०० मिमीचं ऐकून कुणी हुरळू नका. आम्ही सांगलीकरांनी २०१९ चा पूर बघितलाय, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. ओढा वाहता असेल तर गुडघाभर पाण्यातही गाडी तरंगते आणि चाकांचा जमिनीशी संबंध सुटतो. स्नॉर्कल इंजिनाला हवा देतो, गाडीला नांगर देत नाही. तळ दिसत नसेल तर आधी काठी घेऊन स्वतः उतरा. स्वतःला उतरायची भीती वाटली तर गाडी घालायची नाही, इतका साधा हिशोब.

बामणोलीचा_पोरगा (सातारा)

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी कळवतोय.

शोरूमवाल्यांनी टेस्ट ड्राइव्ह दिली ती हायवेच्या सर्व्हिस रोडवर, दीड किलोमीटर. फोर एल दाखवा म्हटलं तर पोरगा म्हणाला, "साहेब, त्याची गरजच पडत नाही." मग पाटणकरांच्या ओळखीतल्या एका गुरखावाल्यानं माणुसकी दाखवली. वळीव पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी घेऊन आम्ही थेट गावाकडं गेलो. शेवाळ नव्हतं, पण चढ ओला होता. त्यांनी चढाच्या पायथ्याला गाडी थांबवली, फोर एल घातला आणि पाय काढून घेतला. ठक, ठक, ठक करत गाडी वर. आतल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा फार हललं नाही. आमचे चुलते देवळाच्या पायरीवर बसलेले, ते एवढंच म्हणाले, "ट्रॅक्टरवाला उपाशी मरायचा आता."

मग आईला बसवलं. पुढच्या सीटवर, दाराच्या वरची मूठ धरून, स्वयंपाकघरातला पाट खाली ठेवून चढली एकदाची. उतरताना मात्र मिरजेच्या वहिनींचं खरं झालं. एक पाय हवेत, एक हात माझ्या खांद्यावर, आणि मला ऐकू येईल अशा बेतानं "तुझ्या बापाच्या बैलगाडीला बरी पायरी होती."

परवा स्कॉर्पिओ-एनमध्ये तोच पाट नेला. लागला नाही. मधल्या सीटवरसुद्धा ती आपली आपण बसली आणि लगेच एसीची झडप बंद करायला लावली, म्हणजे मुक्काम पक्का. स्कॉर्पिओ-एनचं झेड४ मॉडेल, फोर बाय फोर, मॅन्युअल बुक केलं. ऑल-टेरेन टायरचे पैसे बाजूला काढून ठेवलेत, पंप घेतला.

पाटणकर, हवा नेमकी कुठं उतरवू? ओढ्याच्या अलीकडं की चढाच्या पायथ्याला?

चिखलात_रुतलेला (पाटण)

डांबर संपतं तिथंच. ओढ्यातले गोटेही सोपे जातील. आणि पाट गाडीतच राहू द्या, जॅकखाली ठेवायला लागतो.