पुरुमेंत : पुरतो म्हणून?

गोव्यात पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायच्या सामानाला पुरुमेंत म्हणतात. माझी आजी सांगायची, "पावसाभर पुरता तो पुरुमेंत." जन्म म्हापशाचा, बारावीपर्यंत तिथेच, आणि ही व्युत्पत्ती मी चाळिशीपर्यंत बिनघोर बाळगली. यंदा मे महिन्यात साताऱ्याची वहिनी आली, तिने अर्थ विचारला आणि मी आजीचे वाक्य तोंडावर फेकले. मग शंका आली म्हणून शोधले. शब्द पोर्तुगीज निघाला! मूळ 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे पुरवठा, तरतूद. आपल्या 'पुरणे'शी त्याचे काडीचेही नाते नाही.

तरी आजीचा कान मला दाद देण्याजोगा वाटतो. परका शब्द घरात घेताना आपल्या धातूला नेऊन चिकटवला, आणि अर्थ जराही बिघडला नाही.

वहिनीला घेऊन शुक्रवारच्या बाजारात गेलो. शाळेत असताना हा बाजार म्हणजे मला आईच्या पिशव्या उचलण्याची शिक्षा वाटे. या वेळी पहिल्यांदा नीट बघितला. कांद्यांच्या माळा, मीठ लावलेल्या चिंचेचे गोळे, काळीभोर सोलां (सुकवलेली कोकमं), आगरातले जाडे मीठ, सुके बांगडे. एका बाईसमोर सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, ढीग होता. ओंजळभर उचलून ती वरून सोडायची. खाली पडताना खुळखुळ वाजली की माल कडक वाळलाय. मी अर्धा किलो मागितला. तिने माझ्याकडे बघून म्हटले, "अर्दो किल? ही चटणी जाली, पुरुमेंत न्हय."

म्हणजे शब्दात प्रमाणही आहे. आठवड्याच्या वाणसामानाला कोणी पुरुमेंत म्हणणार नाही. निदान अर्धा पावसाळा तरी निघायला हवा.

आता प्रश्न. याला मराठीत चपखल शब्द कोणता? 'बेगमी' मी वाचतो, पण घरात कोणी बोललेला ऐकला नाही. 'साठवण' फार सपक. आणि 'साठा' म्हटले की धाड पडल्यासारखे वाटते.

रत्नागिरीहून : आमच्याकडे 'आगोट'. आगोटीची खरेदी, आगोटीचे सुके मासे. मात्र आगोट हा आधी काळ आहे, मग सामान. पावसाची चाहूल लागली, होड्या वर ओढल्या, की आगोट. तुमच्या पुरुमेंताची नजर कोठीकडे, आमच्या आगोटीची समुद्राकडे. आणि बेगमी आम्ही बोलतो हो! "लाकडांची बेगमी झाली का?" हे अजून चालते.

मडगावहून : आमच्या होली स्पिरिट इगर्जीच्या (चर्चच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला, लोक 'पुरुमेंताचें फेस्त'च म्हणतात. ते पेंतेकोस्तचे, म्हणजे ईस्टर धरून पन्नासाव्या दिवसाचे, त्यामुळे तारीख सरकत राहते, पण पावसाच्या तोंडावर येते. तिथल्या फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खरेदीला हिंदू घरेही तेवढीच. आमच्या घरी सामानासाठी 'पुरुमेंत' आणि कांद्यांच्या माळेसाठी भांडण, दोन्ही दरवर्षी ठरलेले.

फोंड्याहून : थोडे आणखी मागे जा. पोर्तुगीज शब्दाच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, त्याची फोड 'पुढे' अधिक 'पाहणे'. मराठीत 'पुढचं बघून ठेव' म्हणतो ना, अगदी तेच. आजींचा 'पुर' चुकला, पण दोन्ही वाटा एकाच कोठीत येतात. शिवाय फणसाच्या बिकणांना (आठळ्यांना) विसरलात. ती मातीत घोळवून ठेवायची, तोही पुरुमेंतच.

मूळ लेखक : बिकणां विसरलो खरा, घरी सांगू नका. 'आगोट' आवडला, पण आमच्या घरात तो रुजेल असे वाटत नाही. हल्ली फ्रीज आहे, दुकाने पावसातही उघडी असतात, मग कशाला, असे वहिनीने विचारले. ताज्या नुस्त्याचे (मासळीचे) बोलायचे तर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलर बंद, तेव्हा सुंगटांना अजून काम आहे. बाकीच्याला सवय म्हणा.

एक राहिले, लिंग. आजी 'तो पुरुमेंत' म्हणायची. वहिनी साताऱ्याला पोचली आणि तिचा निरोप आला, "पुरुमेंत छान लागली." दोन किलो सुंगटे चार दिवसांत संपत आली होती.