पोटरीतला गोळा, मॅग्नेशियमची गोळी आणि ते "खरवडून काढणं"

खडू_फळा: काल इथेच एक पोस्ट वाचली. "कॅल्शियम स्नायू आवळतं, मॅग्नेशियम ते पेशीच्या भिंतीवरून खरवडून काढतं, म्हणून रात्री पोटरीत गोळे येत असतील तर मॅग्नेशियम घ्या." आणि खाली धन्यवाद-धन्यवाद! अहो, स्नायूच्या पेशीला भिंत नसते, पटल असतं, पण ते एक वेळ सोडा. पटलाला बाहेरून चिकटलेलं कॅल्शियम आवळत नाही हो, उलट शांत ठेवतं. बाहेरच्या अंगाला सियालिक ॲसिड वगैरे साखरेच्या जातीच्या रेणूंचा मायनस चार्ज असतो, त्यावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघंही बसतात, तो झाकला गेला की सोडियमची दारं उघडायला जास्त धक्का लागतो. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की हे झाकण जातं, दारं जराशा धक्क्याने उघडतात आणि बोटं वाकडी होतात ती म्हणूनच. आवळणारं कॅल्शियम वेगळं, ते पेशीच्या आतल्या साठ्यातून सुटून ट्रोपोनिनला, म्हणजे आकुंचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला, धरतं. एरवी आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या दहा हजाराव्या भागाइतकंच असतं. आणि खरवडणार कोण, तर मॅग्नेशियम? त्याने स्वतःभोवती पाण्याचे सहा रेणू इतके घट्ट धरलेले असतात की पटलातल्या फॉस्फेटला कॅल्शियमच जास्त पटकन चिकटतं.

मॅग_फॅन: पोस्ट माझीच. माझ्या आईला दोन आठवड्यांत फरक पडला, ती काय ट्रोपोनिनला विचारून झोपते का?

खडू_फळा: औषधांचे प्रयोग तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र करून बघितलेत, म्हाताऱ्या माणसांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग दिसत नाही. गोळे आपोआपही थांबतात.

रात्रपाळी: सर, फळ्यावरून खाली या जरा. मी लेबर रूमला आहे. बीपी वाढून झटके आलेल्या बाईला मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) देतो तेव्हा दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून बघतो, पाय उडायचा थांबला की पुढचा डोस बंद, कारण त्यानंतर श्वासाची पाळी. आणि उतारा म्हणून ट्रेमध्ये काय ठेवतो? कॅल्शियम ग्लुकोनेट! मग भांडतात ना दोघं?

खडू_फळा: भांडतात, मान्य. पण मुख्य भांडण स्नायूच्या पटलावर नाही, नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, टोकाला. तिथे कॅल्शियम आत शिरलं तरच स्नायूला निरोप देणारं ॲसिटिलकोलीन सुटतं, मॅग्नेशियम ती वाट अडवतं. आणि तुम्ही इंजेक्शनने ग्रॅमच्या ग्रॅम देता. गोळीतलं जास्तीचं मॅग्नेशियम धड किडनी लघवीतून काढून टाकते, ते गुडघ्यापर्यंत पोचत नाही.

गोठा_नंबर_दोन: कॅल्शियम घसरलं की बोटं वाकडी होतात म्हणे. आमची एचएफ (होल्स्टीन) गाय तिसऱ्या वेताला व्याली, दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना, मान पोटाकडे टाकलेली, कान गार, अंग लोळागोळा. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम संपलंय. आता आवळायला पाहिजे होती का नव्हती तुमच्या हिशोबाने? बाटली चढवली, तीही छातीला ठोके ऐकायची नळी लावून सावकाश, भराभर सोडली तर हृदय बंद पडतं म्हणाले. तासाभरात उभी. बाटलीचे पैसे, व्हिजिटचे पैसे, आणि डेअरीवाले फॅट लागत नाही म्हणून वर कापणार.

रात्रपाळी: याचं उत्तर द्या सर 😄

खडू_फळा: मी माणसाचं बोलत होतो. गाईत नसेच्या टोकाचा परिणाम वरचढ ठरतो, कॅल्शियम नाही म्हणून निरोपच सुटत नाही आणि स्नायू ढिले. माणसात पटल चिडण्याचा परिणाम आधी दिसतो.

गोठा_नंबर_दोन: म्हणजे नियम जनावर बघून बदलतो. पाव्हणीची गाय थरथर कापत आडवी झाली होती, तिला मॅग्नेशियम कमी निघालं. आमच्याकडे डॉक्टर बघून सांगतात, तुम्ही फळा बघून.

माठातलं_पाणी: मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही, आरओ! सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरने १८८३ साली लंडनमध्ये कबूल केलं की त्याचं बेडकाचं हृदय नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे धडधडत होतं, डिस्टिल्ड पाण्याच्या द्रावणात ते थांबलं. आणि आपण पैसे मोजून कॅल्शियम गाळून टाकतोय.

खडू_फळा: बेडकाचं हृदय बाहेर काढून ठेवलं होतं हो, त्याला हाडं नव्हती. आपल्याला रक्तात कमी पडलं की गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून देते. शिवाय ते हृदय होतं. पायाचा स्नायू बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी काही वेळ आखडतो, त्याचा साठा आतच असतो.

माठातलं_पाणी: हाडातून काढते म्हणजे हाडं जातात, मी तेच म्हणतोय.

रात्रपाळी: आरओचा वेगळा धागा काढा, दर वेळी तेच.

मॅग_फॅन: ठीक आहे, पोस्टमधून "खरवडून" काढलं. आईची गोळी काढणार नाही.