दीड टनी एसीला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) चालेल का?

पऱ्हाटीवाला:
गाव आर्णी तालुक्यात, जि. यवतमाळ. स्लॅबचं घर. मीटर पुढच्या पडवीत, एसी मागच्या खोलीत. पाइपातून वायर ३० मीटर जाईल. एसी दीड टनी इन्व्हर्टर, पाटीवर रेटेड करंट ७.५ अँपिअर, कमाल ११. वायरमन म्हणतो २.५ ची वायर टाकू आणि ३२ चा एमसीबी लावू, म्हणजे घडीघडी पडणार नाही. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येते. पोलापासून मीटरपर्यंत ४५ मीटर सर्व्हिस वायर आहे, जुनी, ॲल्युमिनियमची २.५ ची. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक बाहेरच्या युनिटजवळ वेगळा डिस्कनेक्ट (सप्लाय तोडायचा स्विच) लावताना दिसतात, तो आपल्याकडं लागतो का?

मेगर_५००:
३२ अजिबात नको. एमसीबी असतो भिंतीतली वायर वाचवायला. तांब्याची २.५ ची पीव्हीसी वायर पाइपात ३० अंशाला साधारण २४ अँपिअर पेलते. मे महिन्यात आपल्या स्लॅबमधल्या पाइपात ५० अंश होतात, तिथं तीच वायर १७ वर येते. उलट ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर तासभर वाहिले तरी न पडता बसून राहू शकतो. मानकातच तशी मुभा आहे. म्हणजे वायर आधी उकळणार.

४ ची तांब्याची एफआर (आग न पसरवणारी) वायर टाका (५० अंशालाही २२-२३ पेलते) आणि २० अँपिअरचा, सी कर्व्हचा (सुरुवातीच्या करंटच्या झटक्याला न पडणारा), डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी लावा. एमसीबीचा आकडाही ३० अंशाचा असतो, उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत तो लवकर पडतो; म्हणून १६ वर उतरू नका आणि पेटी सावलीत बसवा. मीटरपासून एसीपर्यंत वायर अखंड हवी, मधे जोड नको. एसीला साधा १६ अँपिअरचा प्लगही नको, त्याची पिन ढिली पडून सॉकेट काळं होतं. २० अँपिअरच्या सॉकेटची एसी बॉक्स घ्या.

अमेरिकेतल्या आकडेमोडीवर जाऊ नका. तिथं २४० व्होल्ट एकाच फेजच्या दोन जिवंत तारांमधून घेतात आणि युनिटच्या पाटीवर वायरची किमान क्षमता व कमाल ब्रेकर छापलेला असतो. आपल्या पाटीवर फक्त करंट असतो. डिस्कनेक्टचं काम इथं ३२ अँपिअरचा डीपी (डबल पोल) आयसोलेटर करतो. गच्चीवर युनिटजवळ आयपी ६५ च्या (पाणी-धूळ न शिरणाऱ्या) पेटीत लावला तर मेकॅनिकला खाली धावावं लागत नाही. पण काही मॉडेलांत सप्लाय आतल्या युनिटला जातो, काहींत बाहेरच्या. आधी वायरिंगचा नकाशा पाहा. बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये दाब राहतो, पाचेक मिनिटं झाकण उघडू नका.

तूरकाठी:
दुकानात नुसतं "डीपी द्या" म्हणाल तं गावातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) आठवते लोकायले 😄 "डबल पोल" म्हणा.
१८० चं कारण मात्र घरातल्या वायरीत नाही. ४ च्या वायरीत ३० मीटरवर ११ अँपिअरला ३ व्होल्ट पडते, २.५ मध्ये ५. तुमच्या सर्व्हिस वायरीत एकट्या १२ व्होल्ट जाते! १० चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम असती तं ३. इन्व्हर्टर एसी व्होल्टेज कमी झालं की करंट जास्त ओढते, म्हून खराब जोड अजून तापते.
असं तपासा: एसी बंद असताना आणि जोरात चालू असताना मीटरच्या इनकमिंगवर व्होल्टेज मोजा. चालू केल्यावर १५-२० उतरलं तं सर्व्हिस वायर नाहीतर पोलावरचा जोड. दोन्ही वेळी १८० च दिसलं तं गावातली डीपीच ओव्हरलोड. मीटरवर बरोबर अन् एसीवर कमी, तं घरातला जोड. पोल अन् मीटरच्या आधीचं काम लाइनमनकडूनच करून घ्या, स्वतः हात लावू नका. तांबं अन् ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडलं तं गंज चढते अन् जळते. बायमेटल लग (दोन धातूंचा जोडतुकडा) लावायला सांगा. किटकॅटमध्ये (फ्यूजमध्ये) जाड तार भरली असन तं ती काढा.

पऱ्हाटीवाला:
मोजलं. बंद असताना २१४, चालू केल्यावर १९३. म्हणजे सर्व्हिस वायर नाहीतर पोलावरचा जोड. अर्थिंगला हँडपंपाचा पाइप वापरू का?

मेगर_५००:
नको. फॉल्ट आला तर पाणी भरणाऱ्याच्या हाताला झटका. न्यूट्रलचा जंपर अर्थ पिनलाही देऊ नका: न्यूट्रल तुटला की एसीचं पत्र्याचं अंग जिवंत होतं. वेगळा अडीच मीटरचा जीआय पाइप गाडा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते. एप्रिलपासून आठवड्याला बादलीभर पाणी घाला. तरी अर्थ १० ओहम निघाला तर फॉल्टचा करंट २३ अँपिअरच. २० च्या सी कर्व्हला लगेच पडायला १०० ते २०० लागतात. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती पकडून सप्लाय तोडणारा स्विच) हवीच, टाइप ए (इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीची). ती एसीच्या फांदीवर वेगळी ठेवा. नाहीतर एसीच्या गळतीनं रात्री पंखेही बंद पडतील. आणि महावितरणकडं मंजूर भार वाढवायचा अर्ज सर्व्हिस वायर बदलण्याआधी करा, दोन्ही कामं एका फेरीत होतात.